डाव्या जबड्यातल्या तीन खोबणी

१८ नोव्हेंबर २०२४

प्रियाचं पार्सल आलं! खोकं भरून भुसा आणि त्यात हातभर जबडा. डायनासोरचा, खालचा, डावी बाजू. खरं हाड नव्हे, त्यावरून काढलेली रेझिनची प्रत. सोबत चिठ्ठी — "बाबा, मधोमध तडा गेलाय. तुमच्या हाताने सांधून द्याल का? घाई नाही."

बस. कसे आहात नाही, काही नाही. तिची आई उज्वला असताना आम्हा बापलेकीचं सगळं तिच्यामार्फतच चालायचं. "बाबांना सांग", "पोरीला विचार". ती गेली आणि आमचं बोलणंच बंद पडलं. भांडण नाही, काही नाही — नुसतं बंद. प्रिया हैदराबादला असल्या जनावरांच्या दातांवर पीएचडी करते, मी महाडात माणसांच्या कवळ्या करतो. तिकडे काय सांधणारे नसतील? पण मला पाठवला!

फोन करावा असं फार वाटलं. म्हटलं, आधी काम करून दाखवू, मग करू.

१९ नोव्हेंबर

पोलादपूरच्या डॉक्टरांकडून कवळीची दोन मापं एसटीने आली. तशीच ठेवली. दिवसभर जबडा.

काय दात! चपटे, मागे वळलेले, कडेला बारीक करवत. दाढा नाहीतच. म्हणजे चावणं-बिवणं नाही, लचका तोडायचा आणि गिळायचा. खोबणी अकरा, दात आठच. तिसरी, पाचवी, सातवी रिकामी, तळाशी तांदळाएवढं टोक. म्हातारा झाला असेल बिचारा. एकटाच राहत असेल.

२४ नोव्हेंबर

तडा सांधला. नख फिरवलं तरी लागत नाही.

पण ते तीन खड्डे! एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून फट असलेला जबडा बाहेर गेलेला नाही. हात नुसते शिवशिवतायत.

२९ नोव्हेंबर

बसवले! चार दिवस लागले. आधी मेणात कोरले, मग अ‍ॅक्रिलिकमध्ये केले, कडेची करवतसुद्धा सुईने काढली. खोबणीतली ती टोकं मध्ये येत होती, घासून सपाट केली, कवळीच्या साच्यावर नेहमी करतो तशी. आता माझा दात कुठला हे खुद्द त्या जनावरालाही सांगता यायचं नाही.

चिठ्ठी लिहायला बसलो. "चि. प्रियदर्शिनीस" — पुढे काही सुचेना. शेवटी चिठ्ठीशिवायच कुरियरला दिलं. बघेल तेव्हा फोन करेलच की.

५ डिसेंबर

केला.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

त्या रिकाम्या खोबणी म्हणजेच तिचा अभ्यास. ही जनावरं जन्मभर दात बदलायची म्हणे. एक सोडून एक पडायचा, म्हणजे तोंड कधी मोकळं राहायचं नाही. तळाचं टोक म्हणजे खालून येणारा नवा दात. कुठला पडलाय, कुठला किती वर आलाय, हेच ती मोजते. आणि मी ते घासून टाकलं!

मी आपला म्हणतोय, "अगं, वाईट दिसत होतं."

मग — "अकरा दिवस तुमच्याकडे होता, बाबा. एकदा फोन करून विचारायचं तरी." आवाज रडवेला झाला. ठेवून दिला.

६ डिसेंबर

पोरीची तीन वर्षांची मेहनत घासून टाकली मी. वर पॉलिशही केलं.

१३ डिसेंबर

तुडीलचे गोमाजी आजोबा नवी कवळी घेऊन परत हजर. "ह्यो फुडला दात सरळ कशाला केलास? माजा वाकडा व्हता."

"आजोबा, आता छान दिसतो."

"दिसतो, पन माजा नाय तो. तू मला इचारलास काय?"

एरवी तासभर वाद घातला असता. आज गुमान वाकडा करून दिला. आरशात बघून केवढे खूश झाले!

२५ डिसेंबर

तळ्यावर मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम, सगळं महाड माणसांनी भरलेलं. सोनाबाई आत्याने गाठलंच. "अरविंदा, प्रिया नाय आली रे?" म्हटलं, सुट्टी नाही तिला. खोटं कसं पटकन येतं तोंडात.

घरी एक ताट, एक पेला. फोन चारदा हातात घेतला. कुठल्या तोंडाने बोलू?

२ जानेवारी २०२५

डोक्यात आलं — जन्मभर नवे दात येणाऱ्यांच्या गावात कवळ्या करणारा उपाशी मेला असता! एकटाच मोठ्याने हसलो. मग लक्षात आलं, हे सांगायला कुणी नाही. प्रिया हसली असती. उज्वला असती तर फोन लावून सरळ माझ्या कानाला धरला असता तिने.

फार एकटं वाटतं. कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहिलं.

८ जानेवारी

काही नाही. दोन कवळ्या दिल्या.

११ जानेवारी

दुपारी अंकिता दुकानात आली. प्रियाची तिकडची मैत्रीण, सुट्टीला दासगावला आली होती. म्हणाली, "काका, तुमचे तीन दात लॅबमध्ये अजून कुणाला ओळखता आले नाहीत!" धीर करून विचारलं, तिचं काम किती मागे पडलं? ती बघतच राहिली. "काम कशाला मागे पडेल? त्याच जबड्याच्या अजून चार प्रती आहेत आमच्याकडे. आणि काका, तो तडा आपोआप गेला नव्हता. तिनेच आपटला टेबलावर. म्हणाली, आता तरी बाबांचा फोन येईल."

अंकिता समोर असतानाच फोन लावला. प्रियाने लगेच उचलला. "मी बाबा," एवढंच म्हटलं.

तीच म्हणाली, "बाबा, विचारा ना काहीतरी."