मंगळवारचा फोन

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. म्हणजे गुडघे दुखतात, डोळे चुरचुरतात आणि डाव्या अंगठ्याला कटर लागलंय, पण त्याला आजार म्हणत नाहीत, डिझाइनचं शिक्षण म्हणतात. आज रविवार, दुपारची वेळ. या आठवड्यात तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा मुलांची परीक्षा नि भावोजींची पाठ एवढंच विचारून ठेवून दिला. तोंडानं जमत नाही, म्हणून हातानं लिहितेय.

गुरुवारी तू परत तेच म्हणालीस. ‘मी सोमवारीच कळवायला हवं होतं गं.’ आईला सोमवारी सकाळी दवाखान्यात नेलं, मंगळवारी संध्याकाळी तू मला फोन केलास, बुधवारी दुपारी ती गेली. मधला तो एक दिवस तू सात महिने उगाळत बसली आहेस. आधी कळवलं असतं तर हिला विमान मिळालं असतं, शेवटचं भेटता आलं असतं, माझ्यामुळे राहिलं, असं स्वतःला बोल लावत. भावोजींनी मला वेगळा फोन केला होता. तू शाळेतली रजा पुन्हा वाढवलीस, आईच्या खोलीचं दार उघडत नाहीस, गोळी घेतल्याशिवाय झोपत नाहीस, असं म्हणाले. ‘तूच बोल तिच्याशी, तुझं ऐकेल ती,’ म्हणाले. बिचारे! कोणाला सांगतायत हे त्यांना कुठे ठाऊक?

पण आधी इथलं सांगते. मला धीर गोळा करायला वेळ लागतो, तुला माहीतच आहे. लहानपणी इंजेक्शन टोचायच्या आधी मी डॉक्टरांना त्यांच्या मुलीचं नाव विचारत बसायचे.

वर्गात आम्ही चोवीस जण, त्यातले तेवीस एकोणीस-वीस वर्षांचे. पहिल्याच दिवशी एका मुलीनं मला अदबीनं सांगितलं, ‘पालकांची मीटिंग वरच्या मजल्यावर आहे.’ आता सगळे सरळ मावशी म्हणतात. कार्यशाळा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त सामानाची. जाड पुठ्ठ्याची चळत काखेत धरून मी जिना चढते तेव्हा ही पोरं दोन-दोन पायऱ्या टाकत माझ्या बाजूनं निघून जातात आणि वर पोचल्यावर ‘मावशी, मदत करू?’ विचारतात. आमच्या सरांना त्यांनी गुण्या असं नाव ठेवलंय, कारण सुतार गुण्या लावून काटकोन बघतो तसे ते प्रत्येक जोड निरखतात. आवाज चढवत नाहीत. नुसतं ‘परत करा’ म्हणतात. कापा, चिकटवा, दाखवा, मोडा. अति झालं आणि हसू आलं, अशी माझी गत आहे.

आत्ताचं काम असं की एका माणसाला दिवसभर बघायचं. विचारायचं काहीच नाही, कारण विचारलं की माणसं आपलं चांगलं तेवढंच सांगतात. त्याचे हात काय करतात एवढंच लिहायचं आणि त्याच्यासाठी एखादी वस्तू करायची. मी आमच्या खालचा इस्त्रीवाला निवडला. आठ तास त्याच्या दुकानासमोर स्टुलावर बसले. तो मधूनच इस्त्री डाव्या हातात घेतो, ते मी ‘कौशल्य’ म्हणून लिहिलं आणि दोन्ही हातांना सोयीचं टेबल करून नेलं. सरांनी वही वाचली आणि म्हणाले, ‘त्यांचा उजवा खांदा दुखतोय. तुम्हाला तो दिसला नाही, कारण तुम्हाला टेबल करायचं होतं.’ परत करा. ताई, त्या दिवशी मी घरी येऊन चपलांसकट पलंगावर पडले. तेहतिसाव्या वर्षी हे सगळं कशाला, असं अगदी आतून वाटलं. आई असती तर म्हणाली असती, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस, आता दमलीस तर रडू नकोस.

पण माझ्या हातात तरी काय होतं? मी ‘परदेशात फर्निचर कंपनीत’ आहे असं आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची. काम काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या खुर्च्यांची मापं संगणकात भरायची. उंची, रुंदी, वजन. नऊ वर्षांत त्यातल्या एकाही खुर्चीवर मी बसले नाही. आणि हेही सांगून टाकते, की नोकरी मी सोडली नव्हती. जानेवारीत कंपनीनं आमचा विभागच बंद केला, नोकरीबरोबर तिथे राहायची परवानगीही संपली. मामी आल्या-गेल्याला सांगते, ‘आई गेली तशी पोरीनं परदेशावर पाणी सोडलं हो, जूनमध्ये कायमची परत आली.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसले. आईला शेवटचं भेटायलाही पोचली नाही असं कोणी बोललं, तेव्हा तू मात्र माझी बाजू घेऊन सगळ्यांशी भांडलीस, की ती इतक्या लांबून धावत आली, तिला काही बोलू नका. ते ऐकताना मला जेवण जात नव्हतं आणि तुला वाटलं, मी आईसाठी उपाशी आहे.

आता लिहितेच. ताई, मी जूनमध्ये परत आले नाही, फेब्रुवारीत आले. नऊ वर्षांनी हात हलवत घरी कसं यायचं, म्हणून या शहरात खोली घेतली आणि ठरवलं की प्रवेश मिळाला की दोन्ही बातम्या एकदम सांगू. तोवर फोनचा नंबर तिकडचाच ठेवला. तुमच्याशी बोलताना तिकडचं घड्याळ बघायचे आणि इथे दुपारचं जेवून ‘आत्ताच उठले’ म्हणायचे. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा मी याच पलंगावर बसले होते, घरापासून बसनं सहा तासांवर. तू म्हणालीस, आई बोलतेय, खातेय, डॉक्टर दोन दिवसांत सोडतील, देऊ का तिला फोन? मी म्हणाले, नको, पडू दे तिला, उद्या बोलते. कारण आई पहिलं हेच विचारायची, की तिकडे किती वाजले, आणि त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नव्हतं. बुधवारी अकराला माझी प्रवेशाची मुलाखत होती. त्याच रात्रीच्या बसनं निघाले असते तर सकाळी आईजवळ असते, पण सहा तासांत परदेशातून कोण पोचतं? मी ‘तिकीट बघते’ म्हणाले आणि मुलाखतीचे कपडे इस्त्रीला देऊन आले. मुलाखत छान झाली. खाली उतरून चहा घेताना तुझे चार फोन येऊन गेलेले दिसले. त्यानंतरसुद्धा विमानाचा वेळ जावा म्हणून मी दीड दिवस या खोलीत बसून काढला, मुलांसाठी चॉकलेटं कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली, बॅगेवर विमानाची जुनी चिठ्ठी पुन्हा बांधली. शुक्रवारी सकाळी दारातच तू माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, मला माफ कर गं, मी उशिरा कळवलं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘असू दे’ म्हणाले. ताई, मी तुला माफ केलं! त्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. तू रागाव, मामीला सांग, माझं तोंड बघू नकोस, मी काही म्हणणार नाही. फक्त त्या मंगळवारचं ओझं आता उतरव, ते तुझं नव्हतंच. तुझा फोन आला तेव्हा आई बोलत होती आणि मी एका रात्रीच्या अंतरावर होते. तू वेळेवर कळवलं होतंस.

तुझीच, तू अजून म्हणू दिलंस तर,
धाकटी