पायापासून काढलेली माणसं

कामरगाव,
ता. १५ फेब्रुवारी १९७४

प्रिय देवमन,

तुहं मुंबईचं पत्र भेटलं. तुहे कार्टून कंपनीचे साहेब म्हणते, पुढच्या फिल्मीत माणसं साऱ्या दुनियेसारखी काढ, नाई त घरी जाय. अन् तू लिहितं, मी येतो, पेंटरच्या दुकानाच्या पाटीवर तुह्या नावाखाली माहं नाव टाकून ठेव. वाचून असा राग आला गड्या, का हातातला बरश मी चहात बुडवला.

शाळेत सारे पोट्टे डोक्स्यापासून माणूस काढत, तू पायापासून. मायच्या मांगं वावरात तण निंदाले जायचा, तुले तिच्या टाचाच दिसत. ते भलेमोठे पाय काढेपर्यंत कागद सरे अन् डोक्स्याले जागाच उरे नाई. ड्रॉइंगच्या गुरुजीनं नापास केलं, तवा मीबी हासलो होतो. त्याची मले अजून लाज वाटते.

वाशीमच्या टॉकीजचे बोर्ड मीच रंगवतो. सोमवारी तठी सिनेमाच्या आधी तुमच्या कंपनीची कार्टूनची रीळ लागली, विहिरीच्या पाण्यावरची. एरवी अशी रीळ लागली का लोक बिडी ओढाले भाईर जाते. त्या दिवशी कोणीच उठलं नाई. दहा जणांची चित्रं तू दुरुस्त करतं म्हणे, पण पडद्यावर सारं तुह्या एकाच हाताचं दिसे. बारकं डोक्सं अन् जमिनीत रोवलेले पाय. मी अंधारातच रडलो, लपवत नाई.

दुसऱ्या दिवशी तुह्या मायले, लिलामायले, एसटीनं घेऊन गेलो. पडद्यावर घागर घेऊन बाई चालत आली, उजव्या पायाचा अंगठा वाकडा. माय खुर्चीवरून उठली अन् साऱ्यांदेखत म्हणे, "अरे, हे त मीच हावो." इळा लागलेला तिचा तोच अंगठा. मांगच्यायनं तिले खाली बस म्हटलं नाई, टाळ्या वाजवल्या. मंग लोक अडूनच बसले. मॅनेजर गोविंदसिंगले रीळ पुन्हा लावा लागली.

त्याचं सहीशिक्क्याचं पत्र यात ठेवलं हाय. लिहिते, आजवर असली रीळ कवा एकदाची परत जाते असं होये, हे मात्र आणखी आठ दिवस राहू द्या. ते साहेबाच्या टेबलावर ठेव, अन् पुढच्या फिल्मीत मायचे पाय आणखी मोठे काढ. पाटीचं म्हणशीन त कालच रंगवली. या काठापासून त्या काठापर्यंत माहं एकट्याचंच नाव काढलं. तुह्यासाठी बोटभरबी जागा ठेवली नाई.

तुले परत न येऊ देणारा,
तुहाच
तय्यब