दादा, या वेळी आत तू जा

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर
६ फेब्रुवारी २०२४

ती. दादास सोनाजीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. बानावहिनीला सांग, तिने दिलेल्या शेंगा पोरींनी दोन दिवसांत फस्त केल्या. पत्र गावी निघालेल्या रामकिसनच्या हाती देतोय. फोनवर तुला दम लागतो आणि मला तोंड उघडवत नाही. हे तूच वाच, वहिनीकडून वाचून घेऊ नकोस.

तुझ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग तो आजार उजव्या फुफ्फुसात उतरला, तेव्हाची गोष्ट आहे. डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून मला एकट्याला आत घेतलं. ते म्हणाले, "फुफ्फुसातल्या गाठी काढलेले लोक जास्त जगताना दिसतात. पण काढायला आम्ही धडधाकट माणसंच निवडतो. तीच माणसं न काढताही तेवढीच जगली असती का, हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही."

मला तिथंच आपले बाबा आठवले. लांबच्या चराईहून मेंढ्या सुखरूप आल्या की ते तिकडच्या चाऱ्याचं कौतुक करायचे, आणि तू हसायचास, "बाबा, तगड्या निवडूनच नेल्या व्हत्या की!"

म्हणजे मला समजलं होतं. समजूनही बाहेर आलो. तू टोपी मांडीवर ठेवून बाकावर बसला होतास.

"काय म्हनले रं डाक्टर?"

"म्हनले, गाठी काढल्या की मोकळा."

"तू म्हनतूस ना? मंग करू."

काहीच न करता तुला घरी न्यायची माझी हिंमत नव्हती, दादा. तो होकार मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी दिला. गाठी काढल्यावर तुला टेकडी चढवेना आणि कळप रामकिसनकडे गेला. कदाचित त्या ऑपरेशनने तुला वर्ष मिळालंही असेल. डॉक्टरांनाही ते सांगता येत नाही, मी कोण सांगणार?

आता डाव्या बाजूला गाठ दिसतेय. तीही काढता येईल म्हणतात. सोमवारी उत्तर द्यायचं आहे. काल वहिनीला विचारलं तर म्हणाली, "ते म्हनतेत, सोनाजी सांगंल तसं." म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

रविवारी न्यायला येतो. शिव्या द्यायच्या तर तेव्हा दे. सोमवारी डॉक्टरांसमोर तू बस, काय विचारायचं ते विचार. तू हो म्हण, नाही म्हण. मी बाहेर बाकावर बसेन.

मागच्या वेळी तुझं उत्तर स्वतःच देऊन बसलेला,
सोनाजी