बांधलेल्या नावेचा दांडा

४ ऑक्टोबर १९३७
आजपासून ही नाव माझी. पुढे माझ्या नवऱ्याची, एबलची इंजिनाची नाव, तिच्या दोराला बांधलेली ही बिनइंजिनाची जोडनाव. पोटात बर्मिंगहॅमचा कोळसा, शेपटाशी कपाटाएवढी खोली, तीत चूल, पलंग आणि चकचकीत पितळी मुठी. सासूबाई केझिया म्हणाल्या, दुकानात रिबिनी विकणारी ही पोर पहिल्या बर्फाला पळेल. मी म्हटलं, कालवा गोठला की पळायला सोपंच. एबलने हसताना चहा सांडला.

७ ऑक्टोबर
काल खांदे इतके भरून आले होते की नाव बांधली आणि तशीच आडवी झाले. सकाळी सासूबाई कडाडल्या. नाव बांधली की सुकाणूचा दांडा उपसून उलटा, टोक वर करून खोचायचा. सरळ राहिला तर जागा रिकामी आहे, या आणि धरा, असा अर्थ होतो. कोण येणार, मी विचारलं. लीया, म्हणाल्या. एबलची आत्या, जन्मभर हीच नाव हाकली आणि कालव्याच्या बोगद्यात बुडाली. मेली तरी बया उतरायची नाही, असं पुटपुटत त्यांनी पाव कापायला घेतला.

९ ऑक्टोबर
दांडा मी स्वतः उलटा केला होता. सकाळी सरळ. मुठीची जागा ओली, आणि कोमट.

१० ऑक्टोबर
वळणावर मी दांडा एकीकडे रेटला, तो दुसरीकडे गेला. नाव अलगद वळली. चूक माझी होती, याचाच जास्त राग आला. एबल म्हणतो, सोड ती नाव, माझ्या नावेवर ये. मग नावांची मालक कंपनी ती दुसऱ्या कुटुंबाला देईल. नाही सोडणार.

११ ऑक्टोबर
भर दुपारी लीयाला ठणकावलं, तुझं हाकून झालं, आता मी. दांडा सैल पडला. मग माझ्या बोटांवर कुणाची तरी बोटं — ओली, कोमट —

१२ ऑक्टोबर
सकाळ. धुकं. लीया बुडाली त्या बोगद्याच्या अलीकडे बांधलंय. सासूबाई म्हणतात, तू टेकडीवरून चालत ये, बोगद्यातून नाव मी नेते. नको म्हटलं.

नंतर
दोर सुटलाय. एबलची नाव जागेवरच — माझी चाललीय. तो काठाने धावतोय, उडी मार म्हणतोय. काठ हाताच्या अंतरावर आहे. नाही मारणार.

खोलीच्या दारातून लीया दिसते. चिंब. दांडा तिच्या हातात.

एबल, सासूबाईंना वाचता येत नाही, तू वाचून दाखव — मी उतरले नाही. बोगद्याचं तोंड आलं, अंधार होतोय. जाते बाहेर. सरक म्हणते तिला. ही जागा मा—