जेलीच्या पट्टीखालची तंबाखू

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, सावरमळा,
ता. निपाणी, जि. बेळगाव.

विषय : सिस्टर नीलम यांना दिलेली नोटीस मागे घेऊन चौकशी माझ्यावर लावणेबाबत.
संदर्भ : माझाच मागील महिन्यातील तक्रार अर्ज.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, माझे पती देवाप्पा यांना जुनी शुगर असून पायाच्या करंगळीला जखम झाली होती. सिस्टर नीलम घरी येऊन त्यावर गार जेलीची पट्टी लावत. जखम ओलसर राहिली तरच मांस भरते, पट्टी सोडू नका, असे त्यांनी बजावले होते. मी व्हय म्हटले होते.

साहेब, माझी हयात तंबाखूच्या वखारीत गेली. ओल राहिली की माल कुजतो, एवढेच तिथे शिकले. कुणाचा हात कापला तर तंबाखूची भुकटी दाबायची नि पुन्हा कामाला बसायचे, ही आमची रीत. ती ओली जखम मला बघवेना. बाई गेल्या की मी जेली पुसून काढत असे, भुकटी भरत असे आणि वरून तीच पट्टी बांधत असे. बाई यायच्या आधी सगळे धुऊन टाकत असे. एकदा त्यांनी हे काळे कशाने म्हणून विचारले. चुलीची राख उडाली असेल, असे मी खोटे सांगितले. पतींची नजर मंद, पायाला काही कळत नाही आणि तंबाखूचा वास आमच्या घरात रोजचाच. बायको लई जपती, असे ते आल्यागेल्याला सांगत. ते ऐकून मला बरे वाटायचे, हे लिहिताना लाज वाटते.

शेवटी बेळगावात नेऊन बोट काढावे लागले. तेव्हा घाबरून मीच, बाईंनी ओल ठेवल्यामुळे पाय कुजला, असा अर्ज आपणांस दिला. तो खोटा आहे. दोष जेलीचा न्हाय, बाईंचाही न्हाय. आता आमच्या गल्लीतल्या शुगरच्या बाळाबाईसुद्धा ती पट्टी नको म्हणून बसल्या आहेत. त्यांच्या पायाचे काही झाले तर तेही माझ्याच माथी.

तरी नोटिशीतील नीलम यांचे नाव खोडून माझे घालावे. शिक्षा काय असेल ती द्यावी, वखारीत रजा टाकून हजर होईन. फक्त नव्या जखमेची पट्टी बांधायला बाईंनाच पाठवावे. पती मला बोलावतात आणि माझा हात पुढे होत नाही.

हा अर्ज देण्याआधी पतींना वाचून दाखवला. त्यांनी पायाच्या पट्टीवरून हात फिरवला. मग पेन मागितले.

सोबत : जेलीची न फोडलेली पाकिटे, बाळाबाईंना द्यावीत.

दि. १२ फेब्रुवारी २०२५

आपली अपराधी,
सौ. बायडाबाई देवाप्पा मधाळे

साक्षीदार : देवाप्पा मष्णू मधाळे, अर्जदाराचा नवरा