कान स्पष्ट, डोळे पुसट

४ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद, आणि जवळ असतीस तर एक चापटही. दीड महिन्यात तुझ्या चार ओळी आल्या, त्यातल्या दोन हवामानाच्या. फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते, तेव्हा पत्रच लिहीत जा बाई.

मी बरी आहे. स्टुडिओही बरा चाललाय असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी जुना कॅमेरा कपाटात ठेवला आणि ऑटोफोकसवाला नवा घेतला, हे तुला ठाऊक आहेच. मुद्दाम तुमच्या कंपनीचा घेतला. दुकानदार दुसराच दाखवत होता, तर मी त्याला ऐटीत सांगितलं की माझी भाची त्या कंपनीत आहे. ती काय करते, असं त्यानं विचारलं. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देते, म्हटल्यावर तो हसला. का हसला ते तेव्हा कळलं नव्हतं.

बटण अर्धं दाबलं की कॅमेरा टुक् करून सांगतो, झाला फोकस. मी तो नेमका डोळ्यांवर धरते. मग फोटो मोठा करून पाहावा, तर कानावरची लव मोजून घ्या आणि डोळे मात्र पुसट. सकाळचे पहिले आठ-दहा फोटो चांगले येतात, मग बिघडत जातं. त्याचीच जास्त भीती वाटते. मीच थकत चालले की काय? शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सातवीच्या वर्गाचा फोटो परत पाठवला. फार गोड बोलल्या. बत्तीस वर्षांत माझ्याशी त्या इतकं गोड कधी बोलल्या नव्हत्या.

मी रीतसर पत्र लिहून कॅमेरा कंपनीकडे पाठवला होता. तीन आठवड्यांनी तो परत आला आणि सोबत उत्तर. ‘आपला कॅमेरा तपासला असता तो ठरवून दिलेल्या मर्यादेत काम करत असल्याचे आढळले. अशी अडचण बहुतेक वेळा हाताळणीमुळे येते. कृपया माहितीपुस्तिकेचे पान ४१ पाहावे.’ खाली नाव नाही, नुसतं ‘प्रतिनिधी क्रमांक १४’. पान ४१ वर, कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा, असं लिहिलंय. शेजारी एका हसऱ्या माणसाचं चित्र आहे. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले.

पत्रात तुझं नाव मी घातलं नव्हतं. वशिला लावल्यासारखं दिसलं असतं. पण आता तुलाच विचारते, मी चुकते आहे का? आडपडदा न ठेवता सांग.

खाण्यापिण्याची हेळसांड करू नकोस. लोभ आहे, आणि तो कमी व्हावा असं अजून तरी तू काही केलेलं नाहीस.

तुझी
मावशी


१५ मार्च

ति. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उशिरा उत्तर देते आहे, रागावू नकोस. इथे सगळं ठीक. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून पलीकडच्या इमारतीची मागची भिंत आणि तिचे पाइप दिसतात. संध्याकाळी त्यातल्या एका पाइपावर दहा मिनिटं ऊन येतं, तेवढ्यात मी चहा घेते. शेजारी कोण राहतं ते तीन वर्षांत कळलं नाही. त्याला खोकला आहे एवढं माहीत आहे.

कामाचं म्हणशील तर रोज चाळीस पत्रं. तुझ्या कॅमेऱ्याबद्दल मी काय सांगणार? कंपनीनं तपासलं असेल तर बरोबरच असेल. नव्या यंत्राचा हात बसायला वेळ लागतो. स्टँडवर लावून बघ. आणि मावशी, डोळे एकदा परत दाखवून घे, म्हणजे मनात शंका राहायला नको.

घाईत आहे. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी
ठकू


२ मे

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस म्हणून डोळे दाखवले. डॉक्टरांनी शेवटची बारीक ओळसुद्धा वाचून घेतली आणि म्हणाले, तुम्ही या वयात सुईत दोरा ओवाल. मी घरी येऊन खरंच ओवला. पहिल्याच फटक्यात गेला. मग रडू आलं. डोळे चांगले असतील, तर मग बिघडलंय काय? हात की डोकं?

कोपऱ्यावरचा बेकरीवाला तुला आठवत असेल, दुकानाबाहेर खुर्ची टाकून त्याची आई बसायची. फेब्रुवारीत तो तिला फोटोसाठी घेऊन आला होता. म्हातारीनं आयुष्यात एकटीचा फोटो काढलेला नव्हता. तिला लाज वाटत होती, म्हणून मी दिवे लावून तिला तासभर बसवलं, गप्पा मारल्या, आणि ती सैलावल्यावर एकतीस फोटो घेतले. शेवटी शेवटी तर ती माझ्याकडे अशी बघत होती की तुला काय सांगू. गेल्या महिन्यात ती गेली. तेव्हा लहानच प्रत दिली होती, आता मुलगा मोठी मागायला आला. एकतीसच्या एकतीस पाहिले गं मी. शालीची वीण दिसते, कानातली बारीक भोकं दिसतात. डोळे एकाही फोटोत नाहीत.

त्यातल्या त्यात बरा काढून दिला. त्यानं तो हातात धरला, खूप वेळ पाहिला, आणि आभार मानून गेला. तक्रार काही केली नाही. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. दुकान उघडते, स्टूल पुसते, बसते. कोणी आलं तर मशीन बिघडलंय सांगते. जूनअखेर स्टुडिओ बंद करायचं ठरवलंय. जागेला चष्म्याचा दुकानदार मिळालाय, म्हणजे बघ विनोद. तुझी आई असती तर दोघींनी त्यावर हसून घेतलं असतं. एकटीला हसायला फार जड जातं.

तू कामात असतेस, काळजी करू नकोस. तुझा लोभ मला पुरतो आहे.

मावशी


९ मे

ति. मावशीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. स्टुडिओ बंद करू नकोस. चष्मेवाल्याला नाही म्हणून सांग. आधी एवढं कर आणि मग पुढे वाच.

प्रतिनिधी क्रमांक चौदा म्हणजे मी.

तुझं पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. त्याखाली स्टुडिओचा शिक्का होता, पण शिक्का कशाला हवा, ‘कृपया’ मधला तुझा ‘कृ’ मला शंभरांत ओळखू येतो. मी ते सगळं वाचलं. मग आम्हाला छापून दिलेल्या उत्तरांमधला सातवा परिच्छेद त्यावर लावला आणि पाठवून दिलं. तुझा कॅमेरा कोणी नीट तपासलाही नव्हता. नुसता थंड खोलीत दोन फोटो काढून पाहिला.

दोष कॅमेऱ्यात आहे. खाली दुरुस्ती विभागात एक जुने कारागीर आहेत. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं की फोकस पाहणारा आतला भाग उष्णतेनं केसभर सरकतो. कॅमेरा थंड असला तर सगळं ठीक. उन्हात किंवा दिव्यांखाली तापला की तो डोळे समजून कान धरतो. या मालिकेतल्या सगळ्या कॅमेऱ्यांत हे होतं. त्यांनी वर लिहून दिलं, तर उत्तर आलं की तक्रारींचा आकडा अजून लहान आहे. माझ्या एकटीच्या कपाटात अशी दोनशेबारा पत्रं आहेत. एका बाईनं मुलीच्या पदवीच्या दिवसाचं लिहिलंय, एक निवृत्त नकाशाकार नुसते पक्षी टिपतो त्यानं लिहिलंय. सगळ्यांना मी पान ४१ दाखवलं. कित्येकांनी उलट माझीच क्षमा मागितली, आमच्याच हातून चुकत असेल म्हणून.

ओळखीच्या ग्राहकाला परस्पर काही कळवलं तर नोकरी जाते. हे कारण आहे, पण पूर्ण खरं नाही. रोज तेच लिहून लिहून मला ते खरं वाटायला लागलं होतं. तुला डोळे दाखवायला मीच सांगितलं. ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, त्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

तुझं तू तपासून पाहा. भिंतीवर वर्तमानपत्र तिरपं लाव, कॅमेरा स्टँडवर, एकाच ओळीवर फोकस. थंड असताना काढ, आणि तासभर दिव्यांखाली ठेवून पुन्हा काढ.

लोभ असू दे असं मागायची आज हिंमत नाही.

ठकू


२४ मे

ठकूस,

वर्तमानपत्र लावलं. थंड कॅमेऱ्यानं नववी ओळ धरली आणि नववीच दिली. चाळीस मिनिटांनी धरली नववी, दिली बारावी. चार दिवस रोज करून पाहिलं. फोटो सोबत जोडले आहेत, वेळा मागे लिहिल्या आहेत.

चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

कॅमेऱ्याचं मी समजू शकते, यंत्र आहे. तू माझं अक्षर ओळखलंस, हे मात्र मला कळायला नको होतं. तीन महिने मी रोज सकाळी आरशात स्वतःचे हात पाहत होते.

सध्या यापेक्षा जास्त लिहवत नाही.

मावशी


६ जुलै

ति. मावशीस,

सा. न. वि. वि.

तू उत्तर मागितलेलं नाहीस, तरी लिहिते.

तुझे फोटो मी साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी शांतपणे पाहिले, छान काढलेत म्हणाले, आणि हे प्रकरण वरच्या विचारात आहे असं सांगून परत दिले. दोन आठवडे विचार चालू राहिला. मग मी माझ्या कपाटातल्या दोनशेबारा जणांना स्वतः पत्रं लिहिली. परिच्छेद नाही, साधी पत्रं. चूक तुमची नाही, कॅमेरा तापला की असं होतं, घरच्या घरी असं तपासा आणि पुन्हा आमच्याकडे पाठवा. खाली माझं पूर्ण नाव. सोमवार ते शुक्रवार, कचेरीच्या वेळेत, कचेरीच्याच कागदावर. टपालाच्या माणसानं एवढी जाड थप्पी पाहून मला विचारलं की लग्न ठरलं की काय.

दहाव्या दिवशी मला बोलावलं. माझ्या हातात खोका दिला आणि टेबल आवरायला सांगितलं. खोक्यात एक कप आणि स्वेटर एवढंच निघालं. दारापर्यंत सोडायला ते खालचे कारागीर आले होते. माझा खोका धरून चालले.

परवा कंपनीनं सूचना काढली. ‘काही ठरावीक क्रमांकांच्या कॅमेऱ्यांत, काही परिस्थितीत’ अडचण येऊ शकते, ते विनामूल्य दुरुस्त करून मिळतील. चूक झाली असं कुठेही म्हटलेलं नाही. कारागीर सांगतात की एका आठवड्यात एकशेसाठ कॅमेरे एकदम आले, तेव्हा आकडा लहान राहिला नाही. तुझा क्रमांक त्या यादीत आहे, मी पाहिला. पाठवून दे. ते स्वतः हातात घेणार आहेत.

दिवसभर खोलीत असते. दिवसा इथे इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. शेजारचा खोकलाही हल्ली ऐकू येत नाही. कामावर लागला असेल, नाहीतर खोली सोडून गेला असेल. विचारायचं कोणाला?

तुला काही मागत नाही. प्रकृतीला जप.

ठकू


१९ ऑगस्ट

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

कॅमेरा आला. तासभर दिव्यांखाली तापवला, नववीची नववी. खोक्यात कारागिरांची चिठ्ठी होती, नीट जुळवला आहे, एवढीच. त्या सातवीच्या, आता आठवीत गेलेल्या वर्गाचा फोटो मी परत काढून दिला. तीन मुलं मधल्या काळात शाळा सोडून गेली, त्यांच्या जागी दुसरी उभी राहिली. मुख्याध्यापिकाबाई पुन्हा पूर्वीसारख्या खेकसून बोलल्या. फार बरं वाटलं.

बेकरीवाल्याकडे गेले होते. कंपनीची सूचना दाखवली आणि सांगितलं की दोष कॅमेऱ्यात होता, पण एकतीस फोटो काढले आणि एकदाही मोठा करून पाहिला नाही, तो दोष माझा. आई समोर बसली होती तेव्हाच पाहायला हवं होतं. तो पिठाचे हात पुसत राहिला. मग म्हणाला, मावशींचं आता वय झालं असं वाटलं, म्हणून बोललो नाही. आणि तेव्हापासून चौकशी करणाऱ्यांना पलीकडच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पाठवत होतो. तुमचं नाव खराब होऊ नये, म्हणून. म्हातारीचा फोटो भट्टीच्या वर लावलाय. लांबून पाहिलं तर डोळे असावेत असं वाटतं. मी लांबूनच पाहिला.

तुझ्याबद्दल म्हणशील तर ‘माफ केलं’ असं लिहायला मी तीनदा बसले. तसं काही लिहून होत नाही. राग अजून आहे, सकाळी जास्त असतो, दुपारी कमी. पण त्या दोनशेबारा पत्रांचं मी रोज कुणाला ना कुणाला सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो, असं बेकरीवाला म्हणतो. शिवाय तू त्या खोलीत दिवसभर एकटी बसून पाइपावरच्या उन्हाची वाट बघतेस, हे मला इथे बसून सहन होत नाही.

स्टुडिओच्या मागच्या खोलीतलं सामान हलवलं आहे. गादी दोन दिवस उन्हात टाकली. नोकरी मिळेपर्यंत राहा, नाही मिळाली तरी राहा. भांडण माझ्या मनात शिल्लक आहे ते समोरासमोर करू, पत्रातून मला नीट जमत नाही.

लोभ आहेच. तो वाढायचा असेल तर तू इथे हवीस.

तुझी
मावशी