शेवटचा फर्मा

गुरुवार, १७ जुलै
दुपार, कामाच्या टेबलावरून

प्रिय थोरली,

आशीर्वाद. माझं अक्षर बघून घाबरशील म्हणून आधीच सांगतो, कुणाला काही झालेलं नाही. तुझ्या आईचे गुडघे आणि माझे डोळे सोडले तर घरात सगळं जागच्या जागी आहे. आई म्हणते, तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढलेत. तर जमेल तसं लावून वाच.

अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. रविवारी तुझा फोन येतो, मी उचलला तर ‘आईला देतो’ म्हणतो आणि उठतो. तूही कधी ‘थांबा’ म्हणाली नाहीस. तुला बोल लावायला लिहीत नाहीये. तुझ्या जागी मी असतो तर फोनसुद्धा केला नसता.

वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्यात. वयानं तुझ्याएवढ्या, पण कडक. मी बांधून दिलेलं प्रत्येक पुस्तक उलटंपालटं करून बघतात. जुन्या बाई माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकायच्या. ह्या टाकत नाहीत, आणि बरंच करतात. मागच्या सोमवारी त्यांनी माझ्यापुढे एक पुस्तक ठेवलं. म्हणाल्या, “काका, ह्याला शेवटच नाही. मुलं कधीपासून तक्रार करतायत. आणि बांधणी तर तुमचीच दिसते.”

माझीच होती. हिरवं कापड, पाठीवर दुहेरी पट्टी. ते तुम्हा दोघी बहिणींचं पुस्तक होतं, थोरली. भिंतीआडच्या शहराचं. जिथे पाणी चिठ्ठीवर मिळतं, बारा वर्षांवरच्या पोरांना भिंतीबाहेर हाकलतात आणि दोन बहिणी खारट वाळवंट तुडवत नदी शोधायला निघतात.

तू बारकीला ते वाचून दाखवायचीस तेव्हा मला राग यायचा. आजारी पोरीला असलं काय वाचायचं, जगबुडी आणि तहान. पण ती रंगून जायची. तिच्या मूत्रपिंडांमुळे डॉक्टरांनी तिला पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाला चार लहान पेले. ती पेला हातात घेऊन म्हणायची, “चिठ्ठी दाखवा, मगच पाणी.” आणि तू हातावर पेन्सिलनं चिठ्ठी काढून द्यायचीस. औषधाच्या वेळी रुसून बसणारी पोर त्या पाण्याला हसत तोंड लावायची. हे मी दारातून बघायचो. सांगितलं कधी नाही.

बाईंनी पुस्तक दिलं, तेव्हा मागचं कोरं पान बघितलं. पोरांनी पेन्सिलीनं आपापले शेवट लिहिलेत. ‘दोघी मेल्या.’ ‘मुळीच नाही, दोघी पोचल्या.’ ‘नदी नव्हतीच.’ एकानं नुसतं ‘चोर कोण?’ लिहिलंय. मी चष्मा पुसून त्यात बारकीचं अक्षर शोधलं. नाही सापडलं.

आता मुद्द्यावर येतो. इथवर येता येता चहा दोनदा थंड झाला.

पुस्तकाची पाठ सुटली म्हणून ते दुरुस्तीला आलं, तेव्हा तुमचं अर्ध्याच्या वर वाचून झालं होतं. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी, हे तुम्ही दोघी मुळाक्षरांआधी शिकलात. शिवण्याआधी मी फर्मे ओळीनं लावतो आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तळाचा आकडा तपासतो. एवढंच मी पुस्तकातलं वाचतो. जन्मभर पुस्तकं बांधली, वाचलं एक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटच्या फर्म्याचा आकडा बघताना नजर वरच्या ओळींवर गेली. थोरली बहीण धाकटीला पाठीवर घेऊन चालते आहे, आणि मानेवर धाकटीचा श्वास तिला लागेनासा होतो. धाकटी थंड पडलीय.

तेवढं एक पान मी वाचलं. आणि तो फर्मा बाजूला ठेवून बाकीचं पुस्तक शिवून टाकलं.

कुणी फाडला नव्हता तो. “बाबा, शेवटची सोळा पानं नाहीत,” असं तू म्हणालीस, तेव्हा मी म्हटलं, “आलं तसं बांधलं. कुणा कार्ट्यानं फाडली असतील.” बिनदिक्कत म्हटलं. मला वाटलं, चार दिवस हळहळाल, मग दुसरं पुस्तक घ्याल. तू माझ्यापेक्षा चिवट निघालीस. कुठून तरी पत्ता काढलास की शेजारच्या शहरात एका दुकानात एक प्रत आहे. बसनं जायला अडीच तास, यायला अडीच.

आता पुढचं तुला माहीत नाही. आईलाही नाही. तू जायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, “आता घरातल्यांनी लांब कुठे जाऊ नका.” मी मान हलवली आणि ते कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. सकाळी तू चपला घालत होतीस. मी तिथेच उभा होतो. “नको जाऊस” म्हणायला दोन शब्द लागतात. पण मग तू का म्हणून विचारलं असतंस, आणि मला सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, “छत्री घे.”

बारकी झोपेत गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेही खोटं. तुझी आई औषध आणायला खाली गेली होती, मी एकटा होतो. बारकीनं दोनदा विचारलं, “ताई आली का?” मी म्हटलं, “बसला उशीर झालाय.” ती म्हणाली, “येईल. तिला शेवट मिळाला असेल.” रागावलेली नव्हती ती. तुझी वाट बघत होती, एवढंच. हे सांगून तुला आणखी दुखावतो की काय, याचा आठवडाभर विचार केला. पण तुझ्या वाटणीचे शब्द मी किती दिवस दाबून ठेवू?

ह्या आठवड्यात मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. भिंग घेऊन, रोज दुपारी, बोट ठेवून. कपाटात, पुठ्ठ्यांच्या मागे, तो फर्मा अजून होता. तो कधी टाकवला नाही आणि कधी उघडवलाही नाही. काल उघडला.

थोरली, ती धाकटी मरत नाही.

चौथ्या पानावर वाळूत ओल लागते. थोरली हातांनी खणते, ओढणी भिजवून तिच्या तोंडात पिळते, आणि धाकटी डोळे उघडून म्हणते, “एवढंसंच?” शेवटच्या पानावर दोघी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या आहेत, आणि धाकटी मनसोक्त पाणी पिते. कुणी मोजत नाही. मी पान उलटलं असतं तर कळलं असतं. पहिल्या पानापुढे वाचायची सवय नाही, म्हणून मी माझ्या मरणाऱ्या पोरीच्या हातून तेवढं पाणी काढून घेतलं. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ती ते ऐकत गेली असती.

हे वाचल्यावर मला तुझी ती संध्याकाळ पहिल्यांदा कळली. मी दाराशी होतो, आत माणसं जमली होती. जिन्यावर तुझी पावलं वाजली. तू दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होतीस, धापा टाकत. अडीच तासांच्या बसमध्ये तू शेवट वाचला नसशील असं होणारच नाही. धाकटी जगते, हे सांगायला तू धावत आली होतीस. तुझा चेहरा फुलला होता आणि तू तोंड उघडलं होतंस. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, “पुस्तकापायी बहिणीला टाकून गेलीस. आता वाच निवांत.”

तू तोंड मिटलंस. पुढच्या महिन्यात नोकरी धरून गेलीस, आणि लोकांनी म्हटलं, पोर मनाला लावून घेते. मीही मान डोलावली. तुला मी पाठवलं होतं, थोरली. माझ्या खोटेपणानं पाठवलं होतं. चूक माझी होती, ती मी तुझ्या माथी मारली आणि अकरा वर्षं तिथेच राहू दिली. तुझी चूक कणभरही नव्हती.

आईला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून घरी जाणार, आणि चपला काढायच्या आधी सांगणार. ती माझ्याशी बोलायची बंद झाली तर तिचंही बरोबरच आहे. बाईंना सकाळीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, पुस्तक उसवून पुन्हा नीट शिवा.”

माफ कर असं लिहीत नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. पण त्या संध्याकाळी दारात तुला जे सांगायचं होतं, ते मी ऐकलं नाही. कधी वाटलं, तर येऊन सांग. शेवट मला माहीत आहे, तरी सांग. मधे बोलणार नाही.

तुझा अपराधी,
बाबा